चार तपकिरी बाटल्या

आमच्या घरात साखरेचा डबा नाही. तीन वर्षांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरांनी वडिलांचा रिपोर्ट पाहून साखर बंद करायला सांगितलं. वडील मान हलवून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी डब्यातली साखर चिमटीने तोंडात टाकताना आईला सापडले.  होती तेवढी साखर तिने शेजारी देऊन टाकली, डबा घासला आणि त्यात मेथ्या भरल्या. तेव्हापासून पाहुणा आला की आई स्वतः दुकानात जाऊन साखरेची पुडी आणते, चहात घालते आणि उरलेली पाहुण्यालाच बरोबर बांधून देते.

वडिलांच्या चहासाठी माझ्या आतेभावाने नाशिकहून एक डबी आणून दिली. तिच्यात पांढरी भुकटी असते. ती इतकी हलकी असते की चिमटीत आहे की नाही ते कळत नाही. पहिल्या दिवशी तो चहा पिऊन वडील बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही गोडी म्हंजे पाव्हना उना, पन बसना नही." आम्ही सगळे हसलो. पुढे त्यांना सवय झाली.

त्या भुकटीवर मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. मी धुळ्यात बी.एस्सी. केलं आणि पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायला जळगावला आले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे माझ्या अभ्यासात नेमकं काय चाललंय हे विचारायचं कसं, हेच घरी कोणाला कळत नाही. फोनवर आई विचारते, जेवलीस का. वडील विचारतात, अभ्यास बरा आहे ना. दोन्हींना मी हो म्हणते. मग आई म्हणते, ठेवते.

होस्टेलवर घरचा फोन आला की मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जायचे. खोलीतल्या मुली वाईट नव्हत्या. पण मी आईशी आमच्या बोलीत बोलताना एकदा एकीने ऐकलं, आणि नंतर आठवडाभर खोलीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहे'ऐवजी आमचं 'शे' लागत होतं. चहा शे, पंखा शे, परीक्षा शे. मीही हसले होते. पण त्यानंतर टाकीमागे जायला लागले. तिथे पाइपातून पाणी सतत ठिबकायचं आणि आईला वाटायचं, मी कुठेतरी नळावर उभी आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रबंधाचा विषय ठरवायला मार्गदर्शक सरांनी मला बोलावलं. मी विषयांची यादी करून नेली होती. ती त्यांनी वाचली आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, घरात साखरेऐवजी कोणी गोळी किंवा भुकटी घेतं का. मी म्हटलं, वडील घेतात.

"ती जाते कुठे?"

"पोटात."

"आणि पोटातून?"

 सरांनी मग सोप्या शब्दांत सांगितलं. साखर शरीरात मोडते, तिची ऊर्जा होते. या कृत्रिम गोडव्यांपैकी काही पदार्थ शरीराला फारसे मोडताच येत नाहीत. जसे आत जातात जवळजवळ तसेच बाहेर पडतात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातूनही त्यांतले काही सुटतात. नाल्यात जातात, नदीत जातात, जमिनीत मुरतात. शेतात, झाडात, दगडात ते आपोआप तयार होत नाहीत. म्हणून एखाद्या विहिरीच्या पाण्यात ते सापडले, तर कुठल्या तरी घरातलं सांडपाणी तिथवर पोचलंय असं समजायला जागा असते. गुरांच्या शेणाने, खताने पाणी खराब होतं तेव्हा ही खूण सापडत नाही. ही खूण माणसाचीच.

हे ऐकून मला आनंद झाला, ते कबूल करायला हरकत नाही. इतकी वर्षं आमच्या घरातलं काहीही पुस्तकात नव्हतं. आता वडिलांची डबी होती.

पुढचे दोन महिने मी इंग्रजी लेख वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून. हे पदार्थ प्रकृतीला कितपत बरे यावर संशोधकांचं एकमत नाही हे त्यातून कळलं. कोणी म्हणत होतं वजनाला बरं, कोणी आतड्यातल्या जीवाणूंबद्दल शंका घेत होतं. वाचताना मला प्रत्येक ओळीत वडील दिसायचे. एकदा मी वहीत 'हे सिद्ध झाले आहे' असं लिहिलं. सरांनी ते खोडून 'असे आढळले आहे' केलं. आणि म्हणाले, या दोन वाक्यांतलं अंतर कळलं की तुझी एम.एस्सी. झाली.

पाणी कुठून घ्यायचं ते ठरलं. जळगावाबाहेरच्या एका नाल्याचं पाणी, त्या नाल्याकाठच्या पाच विहिरींचं पाणी, आणि तुलनेसाठी शहरापासून, नाल्यापासून लांब असलेल्या एका स्वच्छ विहिरीचं. स्वच्छ विहीर म्हटल्यावर मी आमच्या वस्तीची विहीर सांगितली.

आमचं गाव धुळे तालुक्यात आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. गावची विहीर आमच्यासाठी नव्हती त्या काळी आमच्या माणसांनी आपली विहीर आपण खोदली. खोदणाऱ्यांपैकी आता एकटे आबा आहेत. ते आमचे नात्याने कोणी लागत नाहीत, पण वस्तीत सगळेच त्यांना आबा म्हणतात. सुरुंग लावून आत उतरताना त्यांच्या उजव्या कानाला इजा झाली, त्यामुळे त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलावं लागतं. पाणी लागलं त्या दिवशी ते पहिल्यांदा कोणी प्यालं यावर वस्तीत अजून वाद होतो. आबा म्हणतात, मीच.

दिवाळीच्या सुट्टीत मी चार बाटल्या घरी नेल्या. तपकिरी काचेच्या, अर्ध्या लिटरच्या. त्यांच्यावर गावाचं नाव आणि एक ते चार आकडे मार्करने लिहिले होते. पाणी घ्यायची पद्धत हाताला बसावी म्हणून मी नुसता सराव केला. बाटल्या धुतल्या, ओट्यावर पालथ्या घातल्या आणि निघायच्या गडबडीत तिथेच विसरले. दोन आठवड्यांनी गावातले एक जण जळगावला दवाखान्यात आले, त्यांच्याबरोबर आईने त्या पाठवल्या. प्रत्येक बाटली जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. सोबत शेवेचा डबा.

जानेवारीत खरे नमुने घेतले. प्रत्येक बाटली शुद्ध पाण्याने तीनदा विसळायची, हा नियम मी पाळला. त्याच चार बाटल्यांत आमच्या विहिरीचे चार नमुने घेतले, दोन सकाळचे, दोन संध्याकाळचे. शिवाय विहिरीच्या काठावरच एका पाचव्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून घेतलं. हवेतून किंवा माझ्या हातातून काही मिसळत असेल तर ते या बाटलीत दिसावं म्हणून. पाचवी बाटली नवी होती, कॉलेजातून घेतलेली.

हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. सरांच्या ओळखीने दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत वर्षातून एकदा आम्हाला वेळ मिळतो. फेब्रुवारीत बर्फाच्या डब्यातून सगळे नमुने गेले. मार्चमध्ये निकाल आला.

नाल्यात गोडवा सापडला, तो अपेक्षितच होता. काठच्या पाच विहिरींपैकी तीनमध्ये सापडला. आणि आमच्या वस्तीच्या विहिरीत सापडला, चारही नमुन्यांत. पाचवी बाटली स्वच्छ होती.

सर खुर्चीतून उठले. म्हणाले, म्हणजे शहर लागतच नाही, नाला लागत नाही, एका खेड्यातल्या संडासांच्या शोषखड्ड्यांनी हे केलंय. एप्रिलमध्ये धुळ्याला विद्यार्थ्यांची संशोधन परिषद होती, तिथे मी हेच मांडायचं असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं. मी हो म्हटलं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. आमच्या वस्तीत साखरेऐवजी भुकटी घेणारं घर एकच आहे.

त्याच संध्याकाळी टाकीमागून मी घरी फोन केला. विहिरीचं पाणी पिऊ नका असं सांगितलं. का ते वडिलांनी विचारलं, आणि मी सगळं खरं सांगितलं, अगदी सरांनी मला सांगितलं तसं पायरीपायरीने. त्यांना ते लगेच समजलं. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर.

"म्हंजे आपलाच घरनं पाणी शे ते?"

मी म्हटलं, तसं दिसतंय.

 मग आईकडे फोन न देता त्यांनी तो ठेवला.

मी त्यांना थांबा म्हणायला हवं होतं. पुन्हा तपासू, मग सांगू, असं म्हणायला हवं होतं. 'आढळले' आणि 'सिद्ध झाले' यांतलं अंतर मला वहीत कळलं होतं. फोनवर बोलताना ते आठवलं नाही.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की विहिरीत आमच्या संडासाचं पाणी मुरतंय, माझ्या मुलीने मशीनवर तपासलंय. हे मला आईकडून कळलं. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. आई त्यांना म्हणाली, थोडं थांबायचं होतं. त्यावर ते म्हणाले होते, लोकांच्या पोटात जातंय आणि मी गप्प बसू? त्यानंतर त्यांनी आमच्या संडासाचं दार सुतळीने बांधून टाकलं आणि पहाटे डबा घेऊन रानात जायला लागले. त्यांच्या पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही. काट्याकुट्यांतून जाऊ नका असं आई रोज सांगायची, ते रोज जायचे. भुकटीची डबी त्यांनी फळीवर मागे सरकवली. चहा फिका प्यायला लागले.

वस्तीतल्या बायका पाण्यासाठी गावात जायला लागल्या. पंचायतीचा नळ तिकडे आहे आणि त्याला रोज पाणी येत नाही. नसेल तेव्हा कोणाच्या तरी बोअरवर जाऊन, दारात उभं राहून मागावं लागायचं. आईलाही जावं लागायचं, इतरांच्या मागे. एकदा हंडा भरताना एक बाई तिला म्हणाली, "तुमना चहा आमले महाग पडना." बाकीच्या हसल्या. आईने हे मला हसतच सांगितलं. पण सांगितलं.

विहिरीवर एकटे आबा जायचे. कळशी भरायचे आणि तिथेच बसून ओंजळीने प्यायचे. कोणी अडवलं तर उजवा कान पुढे करायचे.

त्या दिवसांत मी होस्टेलवर कोणाशी फारशी बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? मैत्रिणींना मी सांगू शकले असते की माझा निकाल चांगला आलाय, सर खूश आहेत. त्यांनी पार्टी मागितली असती. परिषदेसाठी मी पडद्यावर दाखवायचा तक्ता तयार केला. त्यात आमच्या गावाच्या नावापुढे चार उभ्या रेषा होत्या, नाल्याकाठच्या विहिरींपेक्षा उंच. त्या तक्त्याकडे बघताना मला आपण कोणाची तरी चहाडी केल्यासारखं वाटायचं. पण ते खरं होतं असं मला वाटत होतं, आणि खरं आहे तर ते लपवणार कसं.

परिषदेच्या दहा दिवस आधी मी दोन दिवसांसाठी घरी गेले. वडील माझ्याशी नेहमीसारखं बोलले. उलट ओट्यावर बसलेल्यांना त्यांनी मला दाखवून सांगितलं, हीच ती. दुपारी आबा दारावरून जाताना थांबले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

ते म्हणाले, "तू शिकेल शे. तू सांगशी ते खरंच व्हई." मग थोडं थांबून म्हणाले, "पन ज्या दारमा पाणी मांगाले जावानं नव्हतं, म्हनीसन आम्ही इहीर खंदी. आते बाया तठेच उभ्या ऱ्हातीस."

त्यांनी मला दोष दिला नव्हता. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आई भांडी आवरत होती. शेजारच्या अक्कांकडून सकाळी वाटीभर कढी आली होती. आईने वाटी घासली, पुसली. मग फळीवर मागे सरकवलेली ती डबी काढली, चिमूटभर भुकटी वाटीत टाकली आणि वाटी मला दिली, अक्कांना देऊन ये म्हणून.

मी विचारलं, हे काय.

"मंग रिकामी देऊ का?" आई म्हणाली. "घरमा साखर शे का? गोड ते गोडच."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे चार दाणे साखरेचे टाकतात. साखर गेल्यावर आई काय टाकते, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मी हसले. अक्कांना तीन वर्षं ही गोडी मिळतेय आणि त्या धुऊन टाकतात, असं काहीतरी म्हणाले. वाटी घेऊन दाराशी गेले आणि तिथे थांबले.

मी परत आत आले आणि विचारलं, "आई, माझ्या बाटल्या पाठवल्या होत्यास. दिवाळीनंतर."

"हा."

"त्यांच्यात काही टाकलं होतंस?"

आईला प्रश्नाचं नवल वाटलं. "त्या ते कॉलेजन्या व्हत्यात. त्या रिकाम्या कश्या धाडू?"

मी विचारलं, चारही? ती म्हणाली, चारही. झाकणं घट्ट लावली होती, सांडू नये म्हणून. काच तपकिरी होती. आत चिमूटभर पांढरं आहे हे मला दिसलं नव्हतं. तीनदा विसळल्यावर डोळ्यांना, जिभेला काहीच उरलं नसतं. पण ते यंत्र जिभेला कळणार नाही इतकं थोडं शोधण्यासाठीच असतं. तेवढं बाटलीतून काढायला तीन विसळण्या पुरत नाहीत. आणि पाचवी बाटली कॉलेजातून नवी घेतलेली. ती आईच्या हाताला लागलीच नव्हती.

मी बसले तशी आईही समोर बसली. माझा चेहरा बघून तिला काहीतरी कळलं होतं. मला सांगायचं नव्हतं, तरी सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"मंग तुना बापना काही दोष नही ना?"

मी दोष नाही म्हटलं असतं तर ती हसली असती. पण ते मला म्हणता येईना. विहीर स्वच्छ आहे असंही आता म्हणता येत नव्हतं. या चार बाटल्यांवरून काहीच म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही.

आई उठली आणि अक्कांची वाटी पुन्हा धुऊन तशीच पालथी घालून ठेवली.

जळगावला परतल्यावर सरांना सांगायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी आत जाऊन उभ्यानेच सांगितलं, वाटीपासून सुरुवात करून.  शेवटी सर म्हणाले, तू सांगितलं नसतंस तर मला हे कधीच कळलं नसतं. ते कौतुक होतं की खंत, हे मला समजलं नाही. मग त्यांनी लाल पेनने चार नमुन्यांवर काट मारली आणि विचारलं, कारण काय लिहिशील.

मी लिहिलं की बाटल्या काही काळ माझ्या ताब्यात नव्हत्या आणि परत आल्यावर मी त्या पुरेशा धुतल्या नाहीत. संशोधकाचा निष्काळजीपणा. सरांनी ते वाचलं. आईचा उल्लेख हवा, असं ते म्हणतील अशी मला भीती होती. ते म्हणाले, चालेल. मग कपाटातून एक छोटी बाटली काढून दिली. पाण्यात घाणीचे जीवाणू असतील तर त्यात भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं होतं. साधी, गावोगाव वापरतात ती तपासणी. ते म्हणाले, ही आधीच करायला हवी होती. माझंही चुकलं.

धुळ्याच्या परिषदेत मी फक्त नाल्याकाठच्या विहिरी मांडल्या. एका परीक्षकांनी तुलनेच्या विहिरीबद्दल विचारलं. मी म्हटलं, नमुने बाद केले, चूक माझी. मागे कोणीतरी हसलं. माझ्यानंतरचा मुलगा फार छान बोलला. टाळ्या संपायच्या आत मी बाहेर पडले, स्टँडवर आले आणि गावाची एसटी धरली.

त्या संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर मी स्वतः सांगितलं. बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, निकाल चुकला, पाणी कसं आहे ते माहीत नाही. आई बायकांमध्ये बसली होती. ती उठायला लागली तशी मी तिच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. ती बसली नाही, पण बोललीही नाही, तशीच खांबाला धरून उभी राहिली. मग ज्या बाईने चहाचं म्हटलं होतं तिनेच विचारलं, तेव्हा पाणी खराब होतं, आता माहीत नाही म्हणतेस, मग प्यायचं की नाही प्यायचं?  मी म्हटलं, दोन दिवस थांबा, तोवर उकळून घ्या. एक माणूस म्हणाला, आमच्या बकऱ्या न शिकता पाणी ओळखतात. लोक हसले. वडील हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मुलगी हुशार म्हणून त्यांनी याच ओट्यावर स्वतःची मान खाली घातली होती.

छोटी बाटली मी आबांच्या समोर विहिरीच्या पाण्याने भरली आणि त्यांच्याच घरी कोनाड्यात ठेवली. ते दोन दिवस कोनाड्यासमोरून हलले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटली दाखवायचे, हात लावू द्यायचे नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसायचे.  दुसरा दिवस मावळला तेव्हा त्यांनी बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "काळं व्हयनं नही."

मी म्हटलं, नाही झालं. या तपासणीपुरतं पाणी बरं आहे. बाकीचं अजून सांगता येत नाही. ही शेवटची दोन वाक्यं मी त्यांच्या डाव्या कानाजवळ, स्पष्ट सांगितली. त्यांनी ऐकली की नाही, माहीत नाही. ते कळशी घेऊन बाहेर पडले होते.

दुसऱ्या सकाळी दोन बायका विहिरीवर दिसल्या. बाकीच्या नळाकडे गेल्या. आमच्या संडासाच्या दाराची सुतळी सुटलेली होती. वडिलांनी ती गुंडाळून खिशात ठेवली होती, खिशातून तिचं टोक बाहेर आलं होतं.

मी नव्या चार बाटल्या आणल्या होत्या. त्या विहिरीवर भरल्या. या वर्षी यंत्रावर वेळ मिळणार नाही, पुढच्या वर्षी मिळेल तेव्हा मी तिथे नसेन. तरी सर म्हणाले होते, घेऊन ये, फ्रीजरमध्ये ठेवू, कोणी ना कोणी तपासेल.

आई स्टँडवर पोचवायला आली. एसटीत चढताना मी बाटल्यांची पिशवी तिच्याकडे देऊ लागले, वर गेल्यावर घ्यावी म्हणून. तिने हात मागे घेतले.

"तूच धर. मन्हा हात नको लागाले."

मी पिशवी घेऊनच चढले. खिडकीतून तिला शेवेचा डबा परत दिला, दिवाळीनंतरचा, होस्टेलवर घासून ठेवलेला. तिने सवयीने झाकण काढून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. पाच वर्षांत मी तिचे किती डबे असेच रिकामे परत केले असतील, ते मला तेव्हा आठवायला लागलं. खिडकीतून काही बोलावं असं वाटलं, पण कंडक्टरने घंटा दिली.

पारोळ्यापर्यंत मला जागा मिळाली नाही. पिशवी छातीशी धरून मी उभी होते. पारोळ्याला एक जागा रिकामी झाली तशी बसले आणि बाटल्या मांडीवर घेतल्या. काचेतून पाणी हलताना दिसत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, औषध आहे का. मी म्हटलं, नाही, पाणी आहे. कुठलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचं. त्यांनी मान हलवली आणि त्या बाहेर बघायला लागल्या. एरंडोल येईपर्यंत मी झाकणं पुन्हा एकदा घट्ट केली. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं.